आडत, टपाल आणि ईमेल : कमिशनच्या धंद्याचा इतिहास

अकरावी-बारावीची मुले हल्ली शिक्षकांना एक नवा प्रश्न विचारतात. ‘सर, अ‍ॅफिलिएट मार्केटिंग शिकलो तर घरबसल्या पैसे मिळतात का?’ प्रश्न मुंबई-पुण्यात विचारला जातो, तसाच तो बोदवडसारख्या तालुक्याच्या गावीही विचारला जातो. मोबाइलवर कोणीतरी सांगितलेले असते की, दुसऱ्याच्या मालाची शिफारस करा, लोकांच्या ईमेलचे पत्ते गोळा करा, त्यांना पत्रे पाठवा आणि विक्रीवर कमिशन मिळवा. बहुतेक शिक्षकांना हा विषय परका वाटतो. मग उत्तर एक तर ‘असल्या भानगडीत पडू नका’ असे येते, नाही तर मुलांनाच आपल्यापेक्षा जास्त कळते असे मानून प्रश्न सोडून दिला जातो.

आम्हांला वाटते, हा विषय परका मानायचे कारण नाही. त्याचे दोन भाग आहेत. पहिला भाग म्हणजे दुसऱ्याच्या मालाला गिऱ्हाईक मिळवून देणे आणि त्याबद्दल शेकड्याने मोबदला घेणे. दुसरा भाग म्हणजे दूरच्या गिऱ्हाइकाशी पत्राने संबंध ठेवणे. यांतल्या पहिल्याला खानदेशात आडत म्हणतात, आणि दुसरा आपल्या टपालखात्याने एकोणिसाव्या शतकातच शक्य करून ठेवला होता. या दोन्ही व्यवहारांचा इतिहास पाहिला, तर नव्या धंद्यात काय नवे आहे, काय जुने आहे आणि फसगत कोठे होते, हे आपोआप उलगडते.

बोदवडची आडत

भुसावळहून नागपूरकडे जाणारा लोहमार्ग १८६० च्या दशकात बांधला गेला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोहोचला. बोदवड या मार्गावरचे एक स्थानक. काळी जमीन, कापसाचे पीक आणि दाराशी आलेली आगगाडी या तीन गोष्टी जेथे एकत्र आल्या, तेथे खानदेश-वऱ्हाडात कापसाच्या पेठा वाढल्या. त्याआधी, १८६१ ते १८६५ या काळात, अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडच्या गिरण्यांना मिळेनासा झाला होता आणि आपल्याकडच्या कापसाचे भाव एकदम चढले होते. युद्ध संपताच ते कोसळले. खानदेशातल्या शेतकऱ्याच्या कापसाचा भाव सातासमुद्रापलीकडे ठरतो, हा धडा त्या पाच वर्षांत मिळाला. पुढे १८७० मध्ये सागरी तारेने मुंबई आणि इंग्लंड जोडले गेले आणि परदेशातले भाव मुंबईच्या बाजारात फार लवकर कळू लागले.

भाव ठरवणारा दूर आणि पिकवणारा येथे. या दोघांच्या मधल्या जागेत आडत्या उभा राहिला. आडत्या माल विकत घेत नाही, ही गोष्ट प्रथम लक्षात घेतली पाहिजे. शेतकरी गाडी भरून कापूस आणतो. आडत्या ती आपल्या जागेत उतरवून घेतो, व्यापाऱ्याला माल दाखवतो, सौदा घडवतो, वजन करून घेतो आणि पैसे शेतकऱ्याच्या हातात ठेवतो. या कामाबद्दल तो शेकडा काही रुपये घेतो. पेरणीच्या वेळी शेतकऱ्याला पैशाची नड असली, तर तो उचलही देतो. मात्र उचल घेतलेल्या शेतकऱ्याला पुढे आपला कापूस त्याच आडत्याकडे न्यावा लागे.

आडत्याचे भांडवल म्हणजे त्याची ओळख. कोणत्या गावात कोणाचा माल स्वच्छ असतो, कोणता व्यापारी पैसे वेळेवर देतो, कोणाला कोणत्या प्रतीचा कापूस लागतो, ही माहिती त्याच्या डोक्यात आणि वहीत असते. आजच्या भाषेत बोलायचे, तर त्याच्याजवळ ‘यादी’ असते. पण ती पिढ्यान्‌पिढ्यांच्या व्यवहारातून तयार झालेली असते, हा मोठा फरक आहे.

आडत्या कोणाचा माणूस?

या पद्धतीतली मोठी अडचण अशी की, आडत्या नेमका कोणाचा माणूस? शेतकऱ्याला वाटते, तो आपला. पण शेतकरी वर्षातून दोन-चार वेळा येतो आणि व्यापारी रोज भेटतो. मग ओढा कोणाकडे असणार, हे सांगायला नको.

१९२६ मध्ये नेमलेल्या शेतीविषयक शाही आयोगाने आपला अहवाल १९२८ मध्ये दिला. त्यात देशभरच्या बाजारांतील अशा अडचणींची नोंद आहे. कापडाखाली हात धरून बोटांच्या खुणांनी भाव ठरवायचा, म्हणजे समोर उभ्या असलेल्या मालधन्यालाही सौदा किती रुपयांना झाला ते कळत नसे. वजने-मापे एकसारखी नसत. आडत, दलाली, हमाली, तोलाई, धर्मादाय अशा नावांनी पट्टीतून पैसे कापले जात, आणि कापायचे किती ते शेतकऱ्याला आधी ठाऊक नसे. भारतीय मध्यवर्ती कापूस समितीने १९२५ ते १९२८ या काळात कापूस पिकवणाऱ्या निरनिराळ्या भागांत शेतकऱ्यांच्या विक्रीची आणि कर्जाची पाहणी केली. खानदेश त्या भागांपैकी एक होता.

उपाय काय निघाला, ते आज मुद्दाम पाहण्यासारखे आहे. बोदवडहून रेल्वेने पूर्वेला निघाले की मलकापूरला वऱ्हाड लागते. त्या वऱ्हाडात कापूस आणि धान्याच्या बाजारांसाठी १८९७ मध्येच कायदा झाला होता. मुंबई प्रांताने आपला कापूस बाजार कायदा १९२७ मध्ये केला. त्याखाली जे नियंत्रित बाजार सुरू झाले, त्यांत खानदेशातले धुळे अगदी पहिल्यांपैकी होते. पुढे महाराष्ट्र राज्याने १९६३ मध्ये कृषी उत्पन्न पणन कायदा केला आणि आपल्या ओळखीच्या बाजार समित्या त्याखाली आल्या.

या कायद्यांनी आडत बंद केली नाही. तिला चार अटी घातल्या. आडत्याने परवाना घ्यावा. भाव उघड्या लिलावात बोलला जावा. काटा तपासलेला असावा. आणि कोणी कोणाकडून किती घेतले, ते हिशेबपट्टीवर लिहिलेले असावे. थोडक्यात, रुमाल बाजूला केला. कमिशन घेण्यात वाईट काही नाही, ते लपवण्यात वाईट आहे, हे त्यामागचे तत्त्व. आडत कोणी द्यायची हा प्रश्नही त्यानंतर वारंवार आला. जुलै २०१६ मध्ये महाराष्ट्राने फळे आणि भाजीपाला यांवरची आडत शेतकऱ्याकडून न घेता खरेदीदाराकडून घ्यायची, असा निर्णय केला.

पत्राने विक्री

आता दुसरा धागा. आडत्या समोरासमोरच्या ओळखीवर चालतो. अनोळखी, दूरच्या गिऱ्हाइकाला माल विकायचा, तर पत्र हवे, पैसे पोहोचायची सोय हवी आणि दोघांचा एकमेकांवर विश्वास बसेल अशी काही युक्ती हवी.

आपल्याकडे १८५४ मध्ये सबंध देशात एकाच दराने पत्र जाऊ लागले. १८७९ मध्ये पाव आण्याचे पोस्टकार्ड आले. १८८० मध्ये मनिऑर्डर सुरू झाली. पण विक्रीच्या दृष्टीने सर्वांत नामी कल्पना १८७७ मध्ये निघाली होती, ती म्हणजे व्ही. पी. पी. विकणारा माल टपालात टाकतो, पोस्टमन तो गिऱ्हाइकाच्या दारी नेतो, गिऱ्हाईक पैसे देतो आणि तेच पैसे टपालखाते विकणाऱ्याला पोहोचवते. माल आधी की पैसे आधी, हा अनोळखी माणसांमधला जुना पेच दोघांच्या विश्वासातल्या तिसऱ्याने सोडवला. मराठी वृत्तपत्रांत आणि मासिकांत पुस्तके, औषधे, घड्याळे यांच्या जाहिरातींखाली ‘व्ही. पी. ने पाठवू’ हे शब्द पुढे अनेक दशके दिसत राहिले.

परदेशातही हेच चालले होते. अमेरिकेत माँटगोमेरी वॉर्ड याने १८७२ मध्ये टपालाने माल विकण्यासाठी एक पानी किंमतपत्रक काढले. शेतीची अवजारे करणाऱ्या जॉन डिअर कंपनीने १८९५ मध्ये ‘द फरो’ नावाचे नियतकालिक सुरू केले. त्यात शेतीविषयी उपयुक्त मजकूर असे. वाचणाऱ्याला काही तरी द्यायचे, म्हणजे तो आपले पुढचेही पत्र उघडतो, ही ती दृष्टी होती.

याचे उत्तम मराठी उदाहरण किर्लोस्करवाडीचे आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमीन विषारी होईल, अशी भीती शेतकऱ्यांना वाटत होती. नांगर चांगला असणे पुरेसे नव्हते. तो का चांगला, हे सांगणारे माध्यमही हवे होते. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ हे मासिक काढले. कारखान्याची आणि मालाची माहिती देणे हा त्याचा मूळ हेतू. पण वाचकांना त्यात वाचनीय मजकूर मिळत गेला, मासिक वाढले आणि १९२९ मध्ये ‘खबर’ हा शब्द गळून ते नुसते ‘किर्लोस्कर’ झाले. एका कारखान्याचे माहितीपत्रक मराठीतले एक महत्त्वाचे मासिक बनले. ईमेलने विक्री शिकणाऱ्या आजच्या विद्यार्थ्याला यापेक्षा चांगला पहिला धडा आम्हांला सुचत नाही.

तारेवरचे पत्र

अमेरिकेत अर्पानेट नावाचे संगणकांचे जाळे होते. १९७१ मध्ये रे टॉम्लिन्सन यांनी त्यावर एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावर संदेश पाठवला. माणसाचे नाव आणि संगणकाचे नाव यांच्या मध्ये ‘अ‍ॅट’चे चिन्ह त्यांनीच घातले.

विक्रीचे पहिले मोठे पत्र यायला सातच वर्षे लागली. मे १९७८ मध्ये डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशन या कंपनीच्या गॅरी थुअर्क यांनी आपल्या नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचे निमंत्रण सुमारे ४०० जणांना एकाच वेळी धाडले. पत्त्यांची यादी इतकी लांब झाली की, ती पत्त्याच्या जागेत न मावता खाली मजकुरात सांडली! लोक संतापले आणि जाळ्याच्या चालकांनी कंपनीला समज दिली. मात्र त्या पत्रामुळे मोठी विक्री झाली, असे थुअर्क पुढे सांगत. न मागितलेल्या पत्राबद्दलचा वाद येथून सुरू झाला, तो अजून संपलेला नाही.

असे का झाले, ते टपालाशी तुलना करून समजते. पोस्टकार्डाला पाव आणा पडे. हजार लोकांना कार्डे धाडायची, तर अडीचशे आणे, म्हणजे १५ रुपये १० आणे खिशातून जात. त्यामुळे कोणाला लिहायचे, हे माणूस विचार करून ठरवी. ईमेलमध्ये हजारावे पत्र जवळजवळ फुकट जाते. खर्च पाठवणाऱ्याच्या खिशातून निघून वाचणाऱ्याच्या वेळावर पडला.

दुसरे कारण तांत्रिक आहे. ईमेल पोहोचवण्याचे नियम १९८२ मध्ये जॉन पोस्टेल यांनी लिहिले. त्या वेळी जाळ्यावर थोडे आणि परस्परांच्या विश्वासातले लोक होते. म्हणून पत्रावर ‘कोणाकडून’ या ठिकाणी जे नाव असेल, ते खरेच आहे का, हे तपासायची सोय त्या नियमांत नव्हती. पाकिटावर आपण कोणाचेही नाव लिहू शकतो, तसेच हे. पुढे तोतयेगिरी वाढली, तेव्हा वरून कुलपे बसवावी लागली. एका पद्धतीत संस्था आपल्या नावाने पत्रे कोणत्या संगणकांवरून निघतील, त्यांची यादी जाहीर करते. दुसरीत प्रत्येक पत्रावर गणिती शिक्का उमटवला जातो. मजकुरात वाटेत फेरफार केला, तर तो शिक्का जुळत नाही. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल आणि याहू यांनी मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना अशा खुणा सक्तीच्या केल्या. विक्रीच्या पत्रात एका टिचकीत नाव काढून टाकण्याची सोयही हवी, अशी अट घातली. धुळ्याच्या बाजारात काटा तपासायला लागला, त्याच जातीची ही सुधारणा आहे.

कमिशनची खूणचिठ्ठी

आडत आणि पत्र हे दोन धागे इंटरनेटवर १९९४ ते १९९६ या काळात एकत्र विणले गेले. १९९४ मध्ये सीडी-नाऊ या संगीत विकणाऱ्या दुकानाने आणि जुलै १९९६ मध्ये पुस्तके विकणाऱ्या अ‍ॅमेझॉनने योजना काढली की, जो आपल्या वाचकाला आमच्या दुकानात धाडील, त्याला विक्रीवर कमिशन देऊ. आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ ला सुरू झाले. म्हणजे हा धंदा आणि आपले इंटरनेट जवळजवळ एकाच वयाचे.

पण गिऱ्हाईक कोणी धाडले, हे दुकानाला कळते कसे? प्रत्येक शिफारस करणाऱ्याला एक सांकेतिक क्रमांक मिळतो आणि तो त्याच्या दुव्यात घातलेला असतो. दुवा दाबला की दुकानाचा संगणक वाचकाच्या यंत्रात एक छोटी नोंद ठेवतो. तिला कुकी म्हणतात. नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी ती १९९४ मध्ये तयार केली. आपण तिला खूणचिठ्ठी म्हणू. ठरलेल्या मुदतीत खरेदी झाली, तर चिठ्ठी पाहून कमिशन जमा होते. मुदत कोठे एक दिवसाची, कोठे महिन्याची असते. ती संपल्यावर झालेल्या खरेदीचे काही मिळत नाही. दुकान आणि गिऱ्हाईक एकमेकांना भेटत नाहीत, आडत्याही कोणाला दिसत नाही, सगळा हिशेब चिठ्ठीवर चालतो.

आणि येथेच रुमाल परत आला! शिफारस करणारा ‘मला हा माल फार आवडला’ असे लिहितो, पण विक्रीवर आपल्याला किती मिळणार ते सांगत नाही. वाचक त्याला आपला माणूस समजतो. तो असतो दुकानाचा आडत्या.

नवशिक्याने शिकायचे काय?

हा इतिहास समोर ठेवला, तर बोदवडच्या विद्यार्थ्याला पाच गोष्टी सांगता येतील.

पहिली, परवानगी. पत्ते विकत घेऊन किंवा कोठून तरी उचलून यादी होत नाही. ज्याने आपणहून ‘मला पाठवा’ म्हटले, तोच यादीत. संसदेने २०२३ मध्ये केलेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात संमती मोकळेपणाने आणि समजून दिलेली असावी, आणि ती देणे जितके सोपे तितकेच काढून घेणेही सोपे असावे, असे म्हटले आहे. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि अंमलबजावणी टप्प्याटप्प्याने ठरली. या कायद्यात १८ वर्षांखालील मुलांच्या माहितीसाठी पालकांच्या संमतीची तरतूद आहे, हे शिक्षकांनी ध्यानात ठेवावे.

दुसरी, उपयुक्त मजकूर. ‘किर्लोस्कर खबर’चा धडा तो हाच. ठिबक संचाचा दुवा पाठवणाऱ्याला ठिबक कसे तुंबते आणि नळ्या कशा धुवायच्या, हे सांगता आले पाहिजे. स्वतःला माहीत नसलेल्या मालाची शिफारस म्हणजे नुसता गोंगाट.

तिसरी, उघड कमिशन. ‘या दुव्यावरून घेतल्यास मला कमिशन मिळते’ हे वाक्य दुव्याच्या आधी, वाचणाऱ्याच्या भाषेत लिहावे. भारतीय जाहिरात मानक परिषदेने २०२१ मध्ये समाजमाध्यमांवरील शिफारशींसाठी असे नियम केले आणि केंद्र सरकारनेही जानेवारी २०२३ मध्ये मार्गदर्शक सूचना दिल्या. शिवाय प्रत्येक दुकानाच्या अटी वेगळ्या असतात. काही दुकाने ईमेलमध्ये कमिशनचा दुवा घालू देत नाहीत. तेव्हा आधी अटी वाचाव्यात.

चौथी, अंकगणित. समजा, १००० जणांना पत्र गेले. २०० जणांनी उघडले, २० जणांनी दुवा दाबला आणि एकाने ५०० रुपयांची वस्तू घेतली. शेकडा ५ प्रमाणे मिळकत २५ रुपये. हे आकडे केवळ हिशेबापुरते घेतले आहेत. पण ‘महिन्यात लाखो’ या बोलण्यामागे किती लोकांचा विश्वास लागेल, ते यावरून दिसते. पत्र किती जणांनी उघडले, हा आकडाही कच्चा असतो. पत्रात दडवलेले एक अदृश्य चित्र उघडले की ‘वाचले’ अशी नोंद होते. २०२१ पासून अ‍ॅपलच्या टपाल-प्रणालीत ती चित्रे वाचकाने पत्र पाहण्याआधीच उघडून ठेवण्याची सोय आली, त्यामुळे न वाचलेले पत्रही वाचल्यासारखे मोजले जाऊ शकते.

पाचवी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. पैसा कशातून येतो? माल विकल्यावर कमिशन मिळत असेल, तर ती आडत. पण आधी ‘कोर्स’ची किंवा नोंदणीची फी भरायला लावून, पुढे आणखी माणसे आणून त्यांच्या फीतला वाटा मिळत असेल, तर तेथे विक्री नावालाच आहे. प्रत्येकाने चार जण आणायचे म्हटले, तर चार, सोळा, चौसष्ट असे करत आठव्या पायरीवर ६५,५३६ माणसे लागतात. बाराव्या पायरीवर हा आकडा १ कोटी ६७ लाखांच्या पुढे जातो. शेवटच्या पायरीवरच्यांना आणायला माणसेच उरत नाहीत आणि पैसे त्यांचेच बुडतात. असल्या साखळीला १९७८ च्या कायद्याने बंदी आहे, आणि थेट विक्रीच्या २०२१ च्या नियमांनीही पिरॅमिड योजना मना केल्या आहेत. कापसाच्या पैशातून बाजूला ठेवलेली शिक्षणाची रक्कम अशा फीत जाऊ नये, म्हणून हा हिशेब वर्गातल्या फळ्यावर एकदा मांडावाच.

वर्गात करून पाहा

१. एखाद्या शेतकरी कुटुंबाकडून जुनी हिशेबपट्टी पाहायला मागा. नाव झाकून तीतील प्रत्येक कपात फळ्यावर लिहा. कोणती कपात कोणत्या कामाबद्दल आहे, ते मुलांनी शोधावे.

२. मोबाइलवर आलेल्या पाच शिफारशी निवडा. ‘यात कमिशन कोणाला?’ हे लिहिले आहे का, कोठे आणि किती बारीक अक्षरांत, ते नोंदवा.

३. चार-सोळा-चौसष्टची पायरी आपल्या गावाची, तालुक्याची आणि जिल्ह्याची लोकसंख्या कोणकोणत्या टप्प्यावर ओलांडते, ते काढा. भूमिती श्रेढीचा याहून जिवंत नमुना पाठ्यपुस्तकात मिळणे कठीण.

बाजार समितीच्या आवारात आजही काटा लागतो आणि लिलाव उघड्यावर बोलला जातो. तो पाहायला मुलांना एक दिवस घेऊन जावे. पडद्यावरच्या बाजारात रुमाल कोठे आहे, हे ओळखायची नजर तेथे तयार होते.